मशीन बंद करण्यापूर्वी

बुधवार, ४ मार्च

संगणक विभागप्रमुख यांस,

मंगळवार, दिनांक ३ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. या वेळी आपल्या विभागातून माझ्या भाचीला बाहेर काढण्यात आले. गळ्यातले ओळखपत्र काढून घेतले आणि फाटकापर्यंत मागे पहारेकरी लावून दिला. वेळ तिने सांगितलेली नाही. मी त्या वेळी आपल्याच रुग्णालयाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या बाकावर माझा नंबर यायची वाट बघत बसले होते, आणि समोरच्या भिंतीवर घड्याळ होते. माझी भाची समोरून गेली. तिने मला पाहिले आणि ओळख दाखवली नाही. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "काहीतरी चोरलं असेल." मी तिला जे उत्तर दिले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

नमस्कार-चमत्कार करण्याचा हा प्रसंग नव्हे, म्हणून थेट विचारते. तिने काय केले?

या मुलीला आम्ही घरी मुंगी म्हणतो, कारण एकदा कामाला लागली की ती मान वर करत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखाली पुष्कळ मुली होत्या. काही आळशी होत्या, एक चोर होती, आणि एक लोकांची प्रेमाची बोलणी ऐकून रडत बसायची, तेवढ्यात दहा कॉल खोळंबायचे. त्यांतल्या एकीलाही मी पहारेकऱ्यासोबत बाहेर पाठवले नाही. माझ्याकडे त्यासाठी जीभ होती.

कारण लेखी कळवावे. "शिस्तभंग" हा शब्द लिहू नये. तो शब्द म्हणजे पोतडी आहे, त्यात काहीही बसते. फोन करू नये, माझ्या घरी फोन नाही. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिल्यावर मला पक्के ठाऊक आहे, की फोनवर माणसे काय कबूल करतात आणि दुसऱ्या दिवशी त्यातले किती नाकारतात.

एक निवृत्त पर्यवेक्षक


शुक्रवार, ६ मार्च

आदरणीय बाई,

आपले पत्र मिळाले. त्यातील भाषेबद्दल मी काही म्हणत नाही, आपण वडीलधाऱ्या आहात.

आपल्या भाचीला नोकरीवरून काढलेले नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत रजेवर पाठवले आहे. कारण असे की, रुग्णांचे सर्व एक्स-रे आणि स्कॅन ज्या मुख्य सर्व्हरवर साठवले जातात, तो ३ तारखेला बंद करून पुन्हा सुरू करायचा होता. नवी सुधारणा चढवली की हे करावेच लागते. काम तिच्याकडे होते. तिने ऐनवेळी नकार दिला. का, असे विचारले तर म्हणाली, "आज नको." मग केव्हा, तर गप्प. मी चौघांसमोर पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी ती सर्व्हरच्या खोलीच्या दारात आडवी उभी राहिली आणि किल्ली देईना. आपल्या हाताखालच्या मुलीने असे केले असते तर आपण काय केले असते, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

आपण स्वतः आमच्या रुग्ण आहात असे दिसते. काळजी नसावी. त्या सर्व्हरला एक नव्हे, चार डिस्क जोडलेल्या आहेत आणि चारींमध्ये तेच एक्स-रे आहेत. एकीला काही झाले तरी तीन शिल्लक राहतात. मी स्वतः पडद्यावर मोजलेल्या आहेत. आता सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस रविवारी, १५ मार्चला सकाळी सहा वाजता येऊन सर्व्हर बंद करून सुरू करील. त्यानंतर आपल्या भाचीच्या बाबतीत सहानुभूतीने विचार करता येईल.

आपला नम्र,
विभागप्रमुख, संगणक


शनिवार, ७ मार्च

मुंगे,

तुझ्या साहेबांचे उत्तर आले. त्यांचा कागद सोबत पाठवते, वाच. माणूस उद्धट निघाला नाही, त्यामुळे माझी जरा निराशाच झाली. उद्धट माणसाशी भांडणे सोपे असते.

त्यांनी मला विचारले आहे, की माझ्या मुलीने असे केले असते तर मी काय केले असते. खरे सांगू? मीही चिडले असते. तू म्हणे "आज नको" म्हणालीस. लहानपणी दात काढायला नेले होते तेव्हाही डॉक्टरांना हेच म्हणाली होतीस, पण तेव्हा निदान त्यांच्या हातात चिमटा दिसत होता. इथे काय दिसले तुला?

मी तुझ्या बाजूने भांडायला उभी आहे. पण वकिलापासून काही लपवायचे नसते, एवढे तरी ध्यानात ठेव. दारात आडवी उभी राहणारी तू नव्हेस. तुला बसमध्ये बसायला जागा मागता येत नाही.

तुझ्या आईला मी काही सांगितलेले नाही. ती म्हणत होती, "पोरगी ऑफिसातून बोलते तेव्हा मागे कबुतरं घुमत असतात, कसलं ऑफिस आहे कोण जाणे." तेव्हा फोन घेताना गॅलरीत उभी राहू नकोस.

माझे म्हणशील, तर उजव्या फुफ्फुसातला तो वाटाण्याएवढा डाग अजून तिथेच आहे. भाडे न देता राहतो आहे. १६ तारखेला, सोमवारी, सर्जन मागच्या सगळ्या वर्षांचे एक्स-रे शेजारी शेजारी लावून बघणार. डाग तेवढाच असेल तर मी घरी. वाढला असेल तर छाती उघडणार. "जुने एक्स-रे आहेत म्हणून बरं," म्हणाला, "नसते तर वाट बघायचा धोका मी घेतला नसता, सरळ उघडलं असतं." जणू कपाटच.

लवकर लिही.

मावशी


सोमवार, ९ मार्च

प्रिय मावशी,

साहेबांना पत्र लिहायला नको होतंस. तू माझ्यासाठी लिहिलंस हे कळतं, पण आता आणखी लिहू नकोस. त्यांनी खोलात जायला नको आहे मला.

काही विशेष झालं नव्हतं गं. नवी सुधारणा मी पुरती तपासली नव्हती, म्हणून त्या दिवशी नको म्हटलं. चौघांसमोर विचारलं की माझं डोकं बंद पडतं, तुला माहीत आहे. दारात उभी राहिले ते चुकलंच. रविवार उलटला की सगळं निवळेल. कंपनीचा माणूस येऊन गेला की माझं नाव कुणी काढणार नाही.

मी बरी आहे. जेवते. घरमालकीणबाई चौकशी करतात, त्यांना सांगितलंय की रजा शिल्लक होती.

एक काम मात्र नक्की कर. एक्स-रे विभागाच्या खिडकीवर अर्ज दिला की जुने एक्स-रे फिल्मवर काढून देतात. तुझे सगळे काढून घे. याच आठवड्यात. शुक्रवारपर्यंत जमलं तर उत्तम, शनिवारी खिडकी दुपारीच बंद होते. सर्जनला हातात फिल्म दिलेल्या आवडतात, म्हणून म्हणते. बसचा त्रास होईल, पण हे टाळू नकोस.

आईला कबुतरांचं काहीतरी सांग.

तुझी
मुंगी


मंगळवार, १० मार्च

मुंगे,

एक्स्चेंजमध्ये नव्या मुलींना मी शिकवायची, की माणूस काय बोलतो ते ऐकू नका, लाइन ऐका. तुझ्या पत्रात लाइन खरखरते आहे.

एक्स-रे चार ठिकाणी आहेत असे साहेब लिहितात. मग मी दोन तास बसमध्ये हाडे खिळखिळी करून ते शुक्रवारपर्यंत का काढून आणायचे? सर्जनला फिल्म आवडतात म्हणे. तो सर्जन माझ्यासमोर पडद्यावर एक्स-रे बोटाने मोठा-लहान करत बसला होता, बायोस्कोप बघणाऱ्या पोरासारखा. त्याला फिल्म दिली तर तो तिने वारा घेईल.

रविवारनंतर तुझे नाव कुणी का काढणार नाही? सर्व्हर सुरळीत सुरू झाला तर उलट सगळे म्हणतील, "बघा, उगाच अडवलं होतं." तुझे नाव विसरले जाईल ते एकाच परिस्थितीत. त्या दिवशी त्याहून मोठे काहीतरी घडले, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातून घडले, तर.

आमच्या कॉन्व्हेंट शाळेत एक सिस्टर होत्या. पूर्ण खोटे बोलणाऱ्या मुलीला त्या सोडून द्यायच्या, म्हणायच्या की हिची कल्पनाशक्ती चांगली आहे. अर्धे खरे बोलणारीला मात्र वर्गाबाहेर उभे करायच्या. मी पुष्कळदा उभी राहिले आहे, त्यामुळे अर्धे खरे मला लांबून ओळखू येते.

रविवारी काहीतरी मोडणार आहे. ते तुला आज माहीत आहे. आणि ते कंपनीच्या माणसाच्या हातात मोडावे म्हणून तू गप्प बसली आहेस. हे खोटे असेल तर मला चार शिव्या लिहून पाठव, मी आनंदाने वाचीन आणि माफी मागीन. खरे असेल तर सगळे लिही. मला समजेल अशा भाषेत लिही, पण लहान मुलाला सांगतात तसे नको.

मावशी


बुधवार, ११ मार्च

मावशी,

शिव्या लिहिता आल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

त्या डिस्क चार नाहीत. एकच आहे.

सर्व्हर आणि डिस्कचं कपाट यांच्यामध्ये दोन केबल आहेत, आणि प्रत्येक केबल पुढे दुभागून कपाटाच्या दोन्ही तोंडांना जाते. म्हणजे सर्व्हरपासून डिस्कपर्यंत जायला चार वाटा. एक तुटली तर दुसरीने जाता यावं, काम अडू नये, म्हणून मुद्दाम केलेलं. पण प्रत्येक वाटेच्या टोकाला जी डिस्क दिसते तिला सर्व्हर वेगळं नाव देतो. वाटा चार, म्हणून नावं चार. पडद्यावर सारख्या मापाच्या चार डिस्क दिसतात, प्रत्येकीत तेच दोन पार्टिशन, म्हणजे कप्पे. खरं तर सर्व्हर ओळखतो की ही चारही एकच आहेत, आणि तो त्यांना मिळून एक सामाईक नाव देतो. काम करायचं ते त्या सामाईक नावाने. ते यादीत खूप खाली असतं. आम्ही वरची चार मोजत आलो. ज्याने हे बसवलं तो नोकरी सोडून गेला, मग साहेब आले, त्यांनी चार मोजल्या, मला चार शिकवल्या. आमच्याकडे सगळे असंच बोलतात, "तिसरीवर टाक", "चौथी बघून ये".

२ तारखेला, सोमवारी, साहेब म्हणाले, "चार-चार प्रती कशाला लागतात? तिसरी मोकळी कर, नव्या स्कॅनला जागा होईल." तोंडी म्हणाले, जाता जाता.

डिस्कच्या अगदी सुरुवातीला एक आखणी असते. पहिलं पार्टिशन इथून इथपर्यंत, त्यात रोजचं कामकाज. दुसरं तिथून पुढे, त्यात जुने एक्स-रे. शेताच्या बांधासारखं समज. मी तिसरीवरची ती आखणी पुसली आणि कोरी लिहिली. सर्व्हर कुरकुरला, की ही डिस्क वापरात आहे. तो तसा बऱ्याच गोष्टींना कुरकुरतो, मी लक्ष दिलं नाही. पुढे जायच्या आधी सहज बाकीच्या तीन बघितल्या. त्यांचीही आखणी कोरी. मी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. मग चारींचा कारखान्याचा नंबर काढून बघितला. अक्षरन् अक्षर एकच.

मावशी, मी ते नंबर पुन्हा पुन्हा ताडून बघितले. आणि खाली सगळं सुरळीत चाललेलं. लोकांचे एक्स-रे निघतायत, डॉक्टर जुने उघडून बघतायत, कुणाला काही पत्ता नाही. कारण सर्व्हर आखणी वाचतो ती फक्त सुरू होताना. मग ती त्याच्या डोक्यात असते. तो चालू आहे तोवर जुने बांध त्याला पाठ आहेत. एक्स-रे जागच्या जागी आहेत, एकालाही धक्का लागलेला नाही. पण एकदा बंद झाला की तो सगळं विसरणार, सुरू झाल्यावर डिस्क वाचणार आणि ती त्याला कोरी दिसणार. कंपनीचा माणूस विचारेल, "साहेब, ही रिकामी दिसतेय, नव्याने तयार करून घेऊ का?" साहेब म्हणतील, "घ्या, बाकीच्या तीन आहेत."

काल संध्याकाळी इथली वीज गेली. तिथली बॅटरी किती टिकते ते मला माहीत आहे. मी चपला घालून रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दिव्याकडे बघत राहिले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने ओळखलं, म्हणाला, "ताई, आत सोडता येणार नाही." मी म्हटलं, "आत यायचंच नाही." वीज आली तेव्हाच घरी परतले.

सुधारता येतं, मावशी. चालू सर्व्हरला विचारलं की कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं आणि केवढं आहे, तर तो आकडे देतो. ते घ्यायचे आणि तीच आखणी पुन्हा लिहायची. अर्ध्या तासाचं काम. त्या सोमवारी सगळ्यांसमोर करता येईना, म्हणून ३ तारखेला सकाळी लवकर जाऊन गुपचूप करायचं ठरवलं होतं. गेले तर साहेब आधीच सर्व्हरच्या खोलीत उभे, कंपनीला दाखवायचं होतं ना सगळं वेळेवर चालतं ते. सांगायला हवं होतं. तोंडातून फक्त "आज नको" निघालं. सांगितलं असतं तर या धंद्यात मला पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

आणि तू कंपनीच्या माणसाबद्दल लिहिलंस ते खरं आहे. रविवारी दोष त्याचा दिसेल, हे माझ्या मनात आलं आणि मला बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड गेलं. पण तुझे एक्स-रे मी जाऊ देणार नव्हते. खिडकीवर जाऊन आलीस ना?

मुंगी


गुरुवार, १२ मार्च

मुंगे,

खिडकीवर गेले नाही. जाणारही नाही.

३ तारखेला त्या बाकावर माझ्या दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याच्या लहान मुलीला घेऊन बसला होता. मुलीचा कणा वाकतो आहे. दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढतात आणि मागच्याशी ताडून ठरवतात, की पट्ट्यावर भागेल की शस्त्रक्रिया लागेल. मुलगी मला विचारत होती, "आजी, तुमचंपण वाकडं आहे का?" मी म्हटलं, "माझं फक्त तोंड." तिला शुक्रवारपर्यंत काढून घे म्हणून कोण सांगणार? तिची भाची संगणक विभागात नाही.

तुझे चार वाटांचे प्रकरण मला एका वाचनात कळले. त्यात माझी हुशारी काही नाही. आमच्या गावात लाकडाच्या वखारीचे चार टेलिफोन नंबर होते, चारही एकाच टेबलावर वाजायचे. एक लाइन मिळाली नाही तर आम्ही दुसरी जोडून द्यायचो. नवी मुलगी यादी बघून विचारायची, "बाई, यांच्या चार वखारी आहेत का?" मी सांगायची, वखार एक, मालक एक, खेकसणाराही तोच. पहिल्या नंबरावर मालकाला शिवी दिली तर बाकीच्या तीन नंबरांवरचे मालक खूष राहतील, असे समजणाऱ्या माणसाला काय म्हणावे? तुमच्याकडे त्याला विभागप्रमुख म्हणतात.

हसू नकोस. तूही तेच समजत होतीस.

सोमवारी झाली ती हाताची चूक होती. तिचे मला काही वाटत नाही. मी एकदा एका मंत्र्याला चुकीच्या घरी जोडून दिले होते, ते घर अजून माझे आभार मानते. पण नंतर तू गप्प राहिलीस. मला एकटीला होडीत घ्यायला निघालीस आणि बाकीच्यांना पाण्यात सोडून दिलेस. त्याबद्दल मी तुझ्यावर रागावले आहे, आणि तो राग एवढ्यात जायचा नाही. त्यामुळे मी तुझी मावशी नाही असे मात्र होत नाही.

उद्या सकाळच्या बसने येते. आधी दोघी साहेबांना भेटू. भेटले नाहीत तर कागदावर. पेन भरून ठेव, आणि घरमालकीणबाईंना सांग की मावशी येणार आहे, आवाज चढेल.

मावशी


शुक्रवार, १३ मार्च

संगणक विभागप्रमुख यांस,

आज सकाळी आम्ही दोघी आपल्याला भेटायला आलो, तेव्हा आपण बैठकीत होता. दुपारी आलो, तेव्हा आपण जेवायला गेला होता. तिसऱ्यांदा आपल्या शिपायाने निरोप आणला, की चौकशी चालू असलेल्या कर्मचाऱ्याला आणि तिच्या नातेवाइकांना साहेब भेटत नाहीत. ठीक. माझा लेखीवरच जास्त विश्वास आहे. आपल्या दालनाबाहेरच्या खुर्चीवर बसून हे पत्र लिहिते आहे आणि आपल्याच शिपायाच्या हातात देऊन त्याची सही घेणार आहे.

रविवारी सकाळी सहा वाजता आपण जो सर्व्हर बंद करणार आहात, तो बंद करू नका.

आपण मला ६ तारखेला लिहिले, की डिस्क चार आहेत, चारींमध्ये तेच एक्स-रे आहेत आणि आपण त्या स्वतः मोजल्या आहेत. आपण मोजल्या त्या वाटा आहेत. डिस्क एक आहे. माझ्या शब्दावर जाऊ नका, मी टेलिफोनवाली बाई आहे. आपल्या विभागातल्या कुणालाही त्या चारींचा कारखान्याचा नंबर काढून आपल्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. चार वेळा एकच नंबर ऐकू येईल. याला एक घोट चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागतो, आणि त्यासाठी काहीही बंद करावे लागत नाही. एवढे केल्यावर या पत्राचा उरलेला भाग आपण आपोआप लक्ष देऊन वाचाल.

सोबत माझ्या भाचीचे तिच्या हस्ताक्षरातले निवेदन आहे. २ मार्चला आपण तिला तिसरी डिस्क मोकळी करायला सांगितलेत, तिने त्या डिस्कची आखणी पुसली, आणि ती एकमेव डिस्क निघाली. आपण सांगितले होते हे तिने आधी लिहिले नव्हते. म्हणाली, "हात माझा होता, साहेबांचं नाव कशाला?" मी म्हटले, खरे लिहायचे तर पूर्ण लिही, कुणाला वाचवायचे आणि कुणाला बुडवायचे हे तू ठरवू नकोस, स्वतःबद्दलसुद्धा. दोन कागद फाडले तिने. सोबत आहे तो तिसरा. सर्व्हर चालू असताना कोणते आकडे त्यातून काढायचे आणि आखणी परत कशी लिहायची, हेही तिने पायरीपायरीने लिहिले आहे. ते तिच्याच हातून करून घेतले पाहिजे असे नाही. कंपनीचा माणूस बसवा, आपण मागे उभे राहा, पहारेकरी उभा करा, तो तर आपल्याकडे आहेच. फक्त सर्व्हर चालू असताना करा. आणि आकडे निघेपर्यंत त्या खोलीची वीज, किल्ली आणि बटण यांच्याजवळ कुणाला जाऊ देऊ नका.

तिची नोकरी परत द्या असे मी या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. पुन्हा वाचून खात्री करून घ्या. तिचे जे व्हायचे ते चौकशीत होऊ द्या. ती हजर राहील, आणि या वेळी बोलेल.

मी आपली रुग्ण आहे हे आपण बरोबर ओळखलेत. सोमवारी माझी छाती उघडायची की नाही हे सर्जन माझ्या जुन्या एक्स-रेवरून ठरवणार आहे. ते फिल्मवर काढून घेण्याची संधी मला आठवडाभर होती. मी काढून घेतलेले नाहीत. ते बाकी सगळ्यांच्या एक्स-रेंबरोबर तिसऱ्या मजल्यावर आपल्या ताब्यात आहेत. म्हातारी कुणाच्या तरी भाचीसाठी कांगावा करते आहे असे आपल्या मनात आले असेल, तर हे वाक्य परत वाचा.

आपल्याला चुकीची कबुली देणे जड जाईल, हे मी समजू शकते. माझ्या भाचीलाही गेले. ती सत्तावीस वर्षांची आहे आणि तिने आज ती लिहून दिली. आपले तर, ती सांगते, केस पांढरे आहेत.

सर्व्हर रविवारी बंद केला जाणार नाही आणि आखणी तो चालू असतानाच परत लिहिली जाईल, एवढे आपल्या सहीने मला कळवावे. निरोप चालणार नाही. "विचाराधीन आहे" चालणार नाही. शिपायामार्फत "साहेब बघतो म्हणालेत" तर मुळीच चालणार नाही.

उद्या सकाळी आठपासून मी तळमजल्यावर एक्स-रे विभागाच्या बाकावर असेन. शनिवारी खिडकी बंद होईपर्यंत तिथे पुष्कळ लोक असतात. उत्तर वेळेत आले नाही, तर मी उभी राहून आपले ६ तारखेचे पत्र, माझ्या भाचीचे निवेदन आणि हे पत्र, याच क्रमाने, सगळ्यांना वाचून दाखवीन. माझा आवाज अजून स्वच्छ आहे, त्यावरच मी पोट भरले आहे. वाचून झाल्यावर ज्याला त्याला आपापले जुने एक्स-रे मागायला मी खिडकीवर रांगेत उभे करीन, आणि रांगेत सगळ्यात शेवटी मी असेन.

लेखी उत्तर, सहीसह, शनिवार दिनांक १४ मार्च, दुपारी बारा वाजण्याच्या आत.

मुंगीची मावशी